पाक पुढे गेला ते वर्ष

आमच्या गल्लीतल्या बाइंडरकाकूंनी एकतीस वर्षे पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कागदाच्या घड्या घातल्या. पान एक उचलले की दोन, हे त्यांच्या तर्जनीला डोळ्यांआधी कळे. यजमानांच्या निधनानंतर त्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्याच राहत. मुलाने ते एका अटीवर मान्य केले होते: शेगडीपाशी काही चुकले, तर मुकाट्याने त्याच्याकडे राहायला यायचे. काकूंनी हो म्हटले, कारण तसे काही चुकेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

सणाच्या आधी साखर लावलेली फळे करणे हे त्यांचे व्रतच होते. संत्र्याची जाड साल तीनदा उकळून तिचा कडूपणा काढायचा, नासपतीच्या फोडी करायच्या, तीन दिवस सारे पातळ पाकात मुरवायचे आणि चौथ्या दिवशी दोनतारी पाकात शिजवून, जाळीवर निथळून साखरेत घोळवायचे. या सगळ्या विधीचा प्राण काकूंच्या चिमटीत होता. पळीवरचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून त्या भलतीकडेच पाहत. पाक झाला की नाही, हा निवाडा बोटे करीत.

यंदा उन्हाळ्यापासून तीच बोटे बधिर झाली होती. पोलक्याची हुके लागेनात. डॉक्टरांनी नसांचा विकार सांगून गोळ्या दिल्या. ती पाकिटे काकूंनी डाळीच्या डब्यामागे लपवली आणि कोणाजवळ अवाक्षर काढले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सून मदतीला आली. आधी साल दोनतारी पाकात पडली.

"आई, या खेपेला तार मी बघू का?"

"तू जाळी पूस."

"गेल्या वर्षीही जाळीच पुसली. बढती कधी मिळणार मला?"

"मी गेल्यावर."

दोघीही हसल्या. काकूंनी थेंब चिमटीत धरला. काही उमगेना. दुसरा धरला, तिसरा धरला. इकडे पाक रटरटत होता. अधीर होऊन त्यांनी चौथा थेंब उकळत्या पातेल्यातूनच घेतला आणि चिमटी तशीच दाबून ठेवली.

"आई, सोडा. बोटं सोडा आधी."

सुनेने त्यांचा हात ओढून नळाखाली धरला. तर्जनीवर पांढरा फोड आला होता आणि काकूंच्या मुद्रेवर वेदनेची रेषाही नव्हती. सून घाबरली ती यामुळे.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. त्याला सांगू नकोस. या दोन खोल्या गेल्या की मी नुसती कुणाची तरी आई उरेन गं."

सुनेने गॅस बंद केला. पाक केव्हाच पुढे गेला होता. साल तपकिरी होऊन दगडासारखी झाली होती.

दुपारी मुलगा आला आणि सवयीने त्याने ताटलीतला तुकडा तोंडात टाकला.

"आई, हे खायचं की यानं खिळे ठोकायचे?"

"पाक मी पाहिला होता," सून म्हणाली. "चुकला."

"तरीच. आईच्या हातून असं होणंच शक्य नाही. तू आपली लुडबुड करत जाऊ नकोस."

सून खाली मान घालून ताटली पुसू लागली. काकू गप्प राहिल्या असत्या तर त्यांच्या खोल्या वाचल्या असत्या. पण कारखान्यात बिघडलेल्या गठ्ठ्यावर बांधणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागे, आणि आपल्या चुकीवर दुसरीच्या नावाची चिठ्ठी त्यांनी कधी लागू दिली नव्हती. त्यांनी आपला हात मुलासमोर टेबलावर उताणा ठेवला.

"तिला बोलू नकोस. पाक माझ्याच हातून गेला. मला आता कळत नाही रे."

मुलाने फोडाकडे पाहिले. मग मधल्या बोटाचे टोक नखाने हलकेच दाबले.

"कळतंय?"

"नाही."

त्याने जरा जोराने दाबले. "आता?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली. अटीची आठवण कोणी करून दिली नाही. तिची गरजच उरली नव्हती.

"सण इथेच करू," तो म्हणाला. "मग सामान बांधू."

"बरं," काकू म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. "नासपतीच्या फोडी अजून शिल्लक आहेत. नवा पाक चढव. थेंब पळीवर निवू दे, मगच हात लाव."

सुनेने पातेले घासून शेगडीवर ठेवले. काकू उठल्या, शेगडीजवळचे आपले स्टूल त्यांनी दाराकडे ओढून नेले आणि त्यावर बसून राहिल्या.