सोफेवाले काका आणि आमची मांजर

चौबे कॉलनीत सोफे शिवणाऱ्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. रायपूर राजधानी झाल्यापासून तिथल्या नव्या बंगल्यांतून त्यांना बोलावणी येतात, पण फाटक्या जागेवरून डोळे मिटून बोट फिरवायची सवय तीच आहे.

“मांजरीनं फाडला,” आमचा सोफा दाखवत मी चिडून म्हटलं. “तिची नखंच कापते आता.”

“काहून?” त्यांनी कापडात अडकलेलं नखाचं पातळ टरफल चिमटीनं काढून दाखवलं. “जुनं नख टाकून राहिली बिचारी. खाली नवं आलं ना.”

पिशवीतलं उरलेलं गोणपाट त्यांनी टेबलाच्या पायाला घट्ट गुंडाळलं आणि त्यावर स्वतःची नखं खरखर ओढली. मांजर आली, तिनंही तिथंच ओढली.

मग त्यांनी माझ्या मनगटावरचे ओरखडे सोफ्यासारखेच न्याहाळले. “शेपटी हलली तरी तुम्ही कुरवाळत राहता, हव ना?”

त्यांनी मांजरीच्या गालावरून दोनदा बोट फिरवलं. शेपटीचं टोक जरासं हललं, तसा हात उचलला. मांजर तिथंच डोळे मिटून बसली. माझ्याजवळ ती अशी कधीच बसली नव्हती.

“काका, तुमच्याकडे किती मांजरी?”

“एक बी नाही, दीदी,” सुई ओवत ते म्हणाले. “आयुष्यभर लोकांच्या मांजरींनी फाडलेले सोफेच पाहिले.”