तीन दिवसांचा लाल्या

खण्ण! मग खडांग, खडांग, खडांग… आणि शेवटी गोल गोल फिरत, सावकाश, टण्ण.

दुधाचे तीन रिकामे डबे डांबरी रस्त्यावरून घरंगळत गेले की असा आवाज होतो. इतकी वर्षं झाली, पण माझ्या कानातून तो गेलेला नाही. कारण त्या डब्यांना जी लुना धडकली, ती माझी. आणि लुनावर मी!

दिवस मावळायला टेकला होता. ऊन समोरून, त्यात येणाऱ्या ट्रकच्या काचेची तिरीप डोळ्यांत. रस्त्याच्या कडेला दूधवाल्यानं सायकल उभी केली होती, ती मला दिसलीच नाही. कुणाला लागलं नाही, एवढं नशीब.

पण हा माझा गाढवपणा नव्हे बरं का. हा सूर्याचा. माझा पुढे आहे. आजवर तो मी आपणहून कुणाला सांगितला नाही. आज चहा फक्कड झालाय, म्हणून सांगतो. मी बोलतो हळू, तेव्हा घाई असेल त्यानं आत्ताच उठावं.

मुलगा तेव्हा पुण्याकडे ट्रक चालवायचा. घरात मी आणि माझी सून रेखा. त्या साली रेखानं आमच्या चारही एकरांत बीटी कापूस लावला. बियाणं तिनं निवडलं, लावणी तिनं करून घेतली, निंदणाला बायांबरोबर तीच वाकली. तिच्या हातचं पहिलं पीक. गावातले लोक आधीच म्हणत होते, बाईच्या हाती शेत दिलं, आता पाहा. मी काही म्हणालो नव्हतो. मी कधीच काही म्हणत नाही. सगळा घोळ तिथंच आहे.

डब्यांची गोष्ट कळल्यावर रेखा म्हणाली, "मामाजी, मेहकरले जा अन् चांगला चष्मा घ्या. आज डबे होते. उद्या माणूस राहीन."

गेलो. दुकानदार भला माणूस. त्यानं आधी काळा गॉगल चढवला. आरशात पाहिलं, तर दुकान लुटायला आलेला म्हातारा दिसला!

"हा नको," मी म्हटलं. "घरात गेलो तं भिंतीवर आपटीन."

"बरोबर, बाबा. भर उन्हात ठीक आहे, पण दिवस मावळताना गाडीवर याच्यातून रस्ताच दिसत नाही." मग त्यानं पिवळा दाखवला आणि स्वतःच परत ठेवला. "हा उन्हाच्या कामाचा नाही." शेवटी एक तपकिरी काचेचा काढला आणि मला हाताला धरून दारात नेलं. "ती समोरची जीप बघा. आधी तशीच बघा."

पाहिलं. जीपच्या काचेवर ऊन असं तळपत होतं, की डोळ्यांतून पाणी आलं.

"आता चष्म्यातून."

काय सांगू तुम्हाला! काचेवरची झळाळी गायब! आत बसलेला ड्रायव्हर विडी पेटवताना दिसला!

"ही काच नुसता अंधार करत नाही, चमक खाते," दुकानदार म्हणाला. "गाडीवर घाला, घरीदारी घाला. इतका हलका आहे, की डोळ्यांवर आहे हेच विसरून जाल."

मी सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे. तो म्हणाला विसराल, मी विसरलो.

मेहकरहून सरळ शेतात गेलो. वाटेवर सगळं जग कसं लग्नघरासारखं सोनेरी दिसत होतं. बांधावर उभा राहिलो आणि पाहतो तर काय! कापूस लाल! या टोकाच्या धुऱ्यापासून त्या टोकाच्या धुऱ्यापर्यंत पानं तांबूस पडलेली.

लाल्या!

बीटी आल्यापासून हा रोग आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पानं लाल होतात, बोंडं पोसत नाहीत, झाड उभ्या उभ्या वाळतं.  मला माझं काही नव्हतं हो. रेखाचं वाईट वाटलं.

घरी आलो. "कापूस कसा हाये, बाई?"

"मस्त हाये, मामाजी. तुम्ही पाह्यला न आता?"

"हाव. पाह्यला."

"मंग? आवडला नाई काय?"

तिच्या तोंडाकडे पाहिलं. तेही लाल दिसत होतं. रडली असणार! किती धीराची पोर. म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून लपवते आहे. मग मीही ठरवलं, आपणही लपवायचं. गुपचूप औषध आणायचं, गुपचूप फवारायचं. तिला कळूच द्यायचं नाही, की आपल्याला कळलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं, चष्मा चढवला आणि दुसरबीडच्या फवारणीच्या औषधांच्या दुकानातून लाल्यावरची पुडी आणली. गोठ्यात, कडब्यामागे लपवली. पण मी औषधाच्या दुकानातून काहीतरी घेऊन निघालो, ही बातमी माझ्याआधी घरी पोचली होती! गावच तसं.

दुपारी गफूरभाई आला. आमचं शेताला शेत लागून, आणि लहानपणापासूनची सोबत. येऊन ओट्यावर टेकला. मी पाहिलं आणि म्हटलं, "मेंदी झ्याक चढली."

"कोणाले?"

"तुह्या दाढीले."

त्यानं दाढीवरून हात फिरवला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा दाढीवरून हात फिरवला. दाढी पांढरीशुभ्र हो त्याची, जन्मात मेंदी लावली नाही! पण मला वाटलं, ईद जवळ आली असेल.

"म्हादू, तुही तबियत बरी हाये न बे?"

"मले काय धाड भरली?" मी म्हटलं आणि मोठा उसासा टाकला. उसासा कापसासाठी होता. तो गफूरभाईनं मोजून रेखाला जाऊन सांगितला. वर हेही सांगितलं, की हा सावलीतही उन्हाचा चष्मा काढत नाही. आत डोळे रडके असतील.

संध्याकाळी जेवायला बसलो. राहवेना. म्हटलं, पीक हातचं गेल्याचं आज ना उद्या ती कबूल करील, तोवर धीर तर देऊन ठेवू.

"बाई, मी आता पिकलं पान. मी असलो काय, नसलो काय. पण तू हिंमत सोडाची नाई. जे झालं, त्यात तुही काई चूक नाई."

थापायला घेतलेली भाकरी तिच्या हातात तशीच राहिली. तव्यावरची करपली.

"मामाजी, असं काऊन बोलून राह्यले तुम्ही?"

"बोलून ठेवलेलं बरं असते."

वा रे धीर देणारा!

तुम्हाला हसू येतंय. पण ती वर्षं आठवा. आमच्या भागात कोणत्या घरून कोणती बातमी येईल, याचा नेम नव्हता. कापूसवाला माणूस दोन दिवस गप्प बसला, की घरातल्या बाया त्याच्या पावलांकडे बघत राहायच्या, कुठे जातो म्हणून. आणि इथं हा म्हातारा डोळे झाकून बसतो, निरवानिरवीचं बोलतो, औषधाच्या दुकानातून काहीतरी आणतो! हे तुम्हाला कळतंय. मला मात्र तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी लुनाची किल्ली सापडेना. खुंटीवर नाही, कोनाड्यात नाही. रेखा म्हणाली, "मले नाई माहीत," आणि माझ्याकडे न बघता आत गेली. गफूरभाई उजाडताच येऊन बसलेला. मी डबा घेऊन परसाकडे निघालो, तर हा मागे!

"तू कुठं?"

"मलेही लागली."

"हातात डबा नाई तुह्या."

"तुह्यातलं घेईन अर्धं."

 तेवढ्यात मुलाचा फोन. "बाबा, मी निघालो. तुम्ही काईच करू नका. नुसते बसा."  मी म्हटलं, झालं! पीक इतकं गेलं, की हिनं त्याला ट्रक सोडून बोलावलं.

मग मात्र मी थांबलो नाही. गफूरभाईला जरा डुलकी लागली. मी कडब्यामागून पुडी काढली, सदऱ्यात घातली आणि शेताची वाट धरली. फवारणीचा पंप तिथल्या झोपडीत होता. कापसाच्या दोन-चार ओळीही ओलांडल्या नसतील, तोच मागून आरोळी.

"रेखा! धाव व! चालला!"

बाहत्तर वर्षांचा गफूरभाई कापसातून हरणासारखा आला. रेखा त्याच्याही पुढे. येऊन तिनं माझं मनगट धरलं. मेहनतीचा हात, सुटतो कसला!

"द्या ते."

"तुले नव्हतं सांगाचं, बाई."

"द्या म्हणते न!"

सदऱ्यातून पुडी ओढली.  रेखा दहावी शिकलेली. तिनं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे तं कापसाच्या लाल्यावर माराचं हाये."

"मंग? माह्यावर माराले आणीन काय?"

"पण कोणाच्या कापसावर?"

"आपल्या. तू लपवलं तरी मले दिसते, बाई. सारं शेत लाल्यानं गेलं."

 गफूरभाईनं एक पान तोडलं, उलटंपालटं करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग हात लांबवून माझ्या नाकावरचा चष्मा अलगद उचलला.

हिरवं! चार एकर, हिरवंगार, पोपटासारखं! बोंडांनी लदबदलेलं!

"अन् माही मेंदी?" गफूरभाईनं विचारलं.

"नाई," मी म्हटलं. "पांढरी हाये."

तो धुऱ्यावर बसला आणि असा हसला, की खोकल्यानं आडवा झाला. "दोन रोज या बुढ्यावर पहारा केला, या अल्ला! दोन रोज!" पहारा? मी रेखाकडे पाहिलं.

ती हसत नव्हती. तिनं पदराची गाठ सोडली. दातांनी सोडावी लागली, इतकी घट्ट बांधलेली. आतून लुनाची किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. किल्ली घामानं ओली होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"बाई…" मी म्हटलं.  डोळे भरून आले, आणि ते तिला दिसू नयेत म्हणून मी गफूरभाईच्या हातातला चष्मा घेतला आणि घाईघाईनं चढवला.

रेखानं ते पाहिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला, वळली आणि कापसाच्या ओळींमधून चालू लागली. आणि तिच्या दोन्ही बाजूंचा कापूस माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा लालेलाल झाला.