आठवी स्प्रिंग

"धरा. दाबा. आता म्या म्हनल्याबगर सोडायचं न्हाय."

त्या काळी तुम्ही आमच्या मुरुम गावच्या मोटार अड्ड्यावर उतरला असता, तर मिस्त्रीनं हे तुम्हालाही ऐकवलं असतं. नाव विचारणं नाही, रामराम नाही, सरळ तुमच्या हातात एक लोखंडी दांडा. तुम्ही कोण, कुठले, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसे. हात दोन आहेत ना, मग झालं!

मोटारीतलं मला ओ की ठो कळत नाही. माझं भुसाराचं दुकान, अड्ड्याच्या समोर. पण मिस्त्रीच्या छपरात इतक्या वेळा दांडा धरला की एवढं समजलं : इंजिनात व्हॉल्व्ह असतात, प्रत्येकाला एक जाड स्प्रिंग असते, आणि ती जागेवर राहते दोन चिमुकल्या लोखंडी फाकांवर. त्यांना तो 'लॉक' म्हणे. हरभऱ्याच्या डाळीहून जराशा मोठ्या. एकानं दांड्यानं स्प्रिंग दाबून धरायची, दुसऱ्यानं फाकांना ग्रीस लावून व्हॉल्व्हच्या खाचेत चिकटवायच्या, मग दाब हळूच सोडायचा. ना स्क्रू, ना नट, ना डाख.

"मग ह्या टिकतात कशानं हो?" मी दर वेळी विचारायचो.

"स्प्रिंगच दाबून धरती की त्यास्नी."

"अन् स्प्रिंगेला कोण धरतं?"

"ह्याच फाका."

"अहो मिस्त्री, मग आधी कोण कुणाला धरतं?"

"आधी तुमी धरता, अण्णा!" असं म्हणून तो खदाखदा हसायचा. मला ते कोडं आजतागायत सुटलेलं नाही.

त्याच्या दांड्यापुढं लहानमोठा कुणी नव्हता. एकदा पोलीस अमीनसाहेबांची, म्हणजे आमच्या निजामी फौजदारांची, मोटार उघडली होती. दांडा साहेबांच्याच हातात. "साब, छोडना नक्को!" मिस्त्री ओरडेपर्यंत साहेबांना शिंक आली आणि फाक उडाली. मग काय विचारता! माझ्या दुकानातल्या चाळण्या मागवल्या, चार शिपाई उकिडवे बसून अड्ड्याची माती चाळायला लागले. सापडली ती शेवटी साहेबांच्या बुटात. मिस्त्री गंभीरपणे म्हणाला, "साहेबाचा हात उतावळा हाय."

एकदा तर मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला धरलं. वऱ्हाडाची मोटार अड्ड्यावर बंद पडलेली, मुहूर्त जवळ आलेला, वरबाप तांबडालाल झालेला, आणि नवरदेव हळदीच्या हातांनी दांडा दाबतोय. मिस्त्री निवांत. "दाबा, नवरदेव. लगीन म्हंजी तरी दुसरं काय असतंय?" वऱ्हाड अक्षता पडायला पोचलं, आणि परतताना त्या पोरानं मिस्त्रीला मुद्दाम बुंदीचे लाडू आणून दिले.

सोलापूरला एक स्क्रूचा चिमटा मिळतो, त्यानं एकट्याला स्प्रिंग दाबता येते, असं माझ्या कानावर आलं. म्हटलं, पुढच्या खेपेला तुम्हाला आणून देतो. मिस्त्री चक्क रुसला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चिमटा आनला तर माझ्यापाशी कोन येऊन बसंल, अण्णा?" आता याला काय म्हणावं? मी चिमटा आणला नाही.

मग ते साल आलं. निजामाची राजवट गेली, फौज आली. त्याआधी वर्षभर निजामाच्या बाजूच्या टोळ्यांनी लोकांना रडवलं होतं. आता दुसऱ्या बाजूचे लोक उट्टं काढायला निघाले. आसपासच्या गावांतून नको नको त्या बातम्या येऊ लागल्या. आमचा मिस्त्री मुसलमान. ते आम्हाला माहीत होतंच, पण त्या आठवड्यात ते सारखं आठवायला लागलं. त्यानं कुणाचं काय केलं होतं? काहीच नाही. तरी आम्ही त्याच्या छपरासमोरून जाईनासे झालो. देवळामागून वळसा घालून जायचो. का, ते मला विचारू नका. सगळे जात होते म्हणून मीही गेलो.

मिस्त्रीच्या घरात बायको आणि एक विधवा लेक. गुलबर्ग्याला मेहुणा होता, तिकडं जायचं त्यानं ठरवलं. उतारूंच्या सर्व्हिस मोटारी बंद, आणि बायकांना घेऊन पायी जाण्याचे ते दिवस नव्हते. छपरात कुणा जागीरदारानं टाकून दिलेली एक जुनी मोटार होती. तिचं इंजिन त्यानं आधीच उघडलेलं. सगळं बसवून झालं होतं, राहिल्या होत्या त्या आठ स्प्रिंगा. आणि आठ स्प्रिंगा एकट्याला बसवता येत नाहीत; घरातल्या दोघी तर त्या दिवसांत दाराबाहेर येत नव्हत्या.

तीन दिवस तो मांडीवर दांडा घेऊन मोटारीपाशी बसून होता. रस्त्यानं कुणी येतंय का बघायचा. कुणी येत नव्हतं. हाक त्यानं एकदाही मारली नाही. मी दुकानाच्या फळ्यांच्या फटीतून हे बघायचो.

चौथ्या दिवशी सकाळी आमची ही म्हणाली, "फटीतनं काय बघताय? जायाचं तर जावा, न्हाय तर फळी तरी नीट लावा."

गेलो. मिस्त्रीनं मान वर केली आणि दांडा पुढं केला. "धरा," म्हणाला. नेहमीचं 'म्या म्हनल्याबगर सोडायचं न्हाय' त्या दिवशी नव्हतं.

भर उन्हात आम्ही काम केलं. एक झाली, दोन झाल्या, चार झाल्या. समोरच्या घरांची दारं किलकिली व्हायची आणि मिटायची. सातवी झाली. आठवीची एक फाक त्यानं बसवली. दुसरी बोटाच्या टोकावर घेतली आणि थांबला. मी दाब धरून उभा.

"अण्णा, हस्ताचा पाऊस हुईल का औंदा?"

"होईल की."

"झाला तर शाळू चांगला हुईल."

"हो."

फाक तशीच त्याच्या बोटावर. तो माझ्याकडं बघत नव्हता, फाकेकडं बघत होता. मग हळूच म्हणाला, "आनिक चार दिस हितंच थांबून बघू का? तुमी काय म्हनता?"

मी काय म्हटलं असेल? समोरचं एक दार तेव्हा पुरतं उघडलं होतं, तिथं माणसं उभी होती. मी म्हटलं, "हात भरून आलाय, मिस्त्री. उरका लवकर."

"हौ, हौ," असं म्हणत त्यानं घाईनं फाक बसवली. मला म्हणाला, "सोडा आता." मी सोडलं.

दुपारी ते गेले. मागच्या बाकावर दोघी बायका, मधे वळकटी. लोक तेव्हा रस्त्यावर आले. एक जण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लई चांगलं काम केलंस." दुसरा म्हणाला, "चला, गावाची काळजी मिटली." दोघंही मनापासून बोलत होते. मी त्याला वाचवलं की गावाबाहेर काढलं? तो जिवंत राहावा म्हणून मी दांडा दाबला, हे खरंच आहे. पण तो आपल्या डोळ्यांसमोरून जावा, असंही त्या घटकेला मला वाटत होतं का? इतकी वर्षं झाली, रोज नाही, पण मधूनच हे डोक्यात घुसतं आणि माप मोजता मोजता माझी गणती चुकते. गुलबर्ग्याहून कधी कार्ड आलं नाही. तो पोचला की नाही, ते मला ठाऊक नाही. कुणाला विचारायचं धाडसही झालं नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक आहे, आणि ती मी आमच्या हिलासुद्धा सांगितलेली नाही. माझा हात तेव्हा भरून आला नव्हता. आणखी तासभर मी तो दांडा सहज धरून उभा राहिलो असतो.