सखूकाकूंना मी आराम दिला त्याची गोष्ट

मी सिस्टिम सायंटिस्ट आहे. समाजाच्या व्यवस्था का बिघडतात ते शोधायचं आणि त्या नव्यानं आखून द्यायच्या, हा माझा व्यवसाय. (आईच्या समजुतीप्रमाणे मी इन्व्हर्टर दुरुस्त करतो.)

आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं. कोणत्या दिवशी, किती वाजता, ते सांगता येत नाही. पण समोरच्या सखूकाकू पहिल्या थेंबालाच गच्चीवरून ओरडायच्या, "पाणी आलंऽऽ!" की अख्खी गल्ली मोटारी लावायची. इतक्या वर्षांत कुणाची टाकी कोरडी राहिली नव्हती. एवढं सुरळीत चाललेलं बघून माझे हात शिवशिवले!

"एकाच माणसावर अवलंबून राहणं धोक्याचं," मी गल्लीला समजावलं. व्हॉट्सॲप ग्रुप काढला. दर आठवड्याला एका घराची पाळी. त्या घरानं नळावर लक्ष ठेवायचं आणि मेसेज टाकायचा. पाळ्यांचा रंगीत तक्ता घरोघरी दारावर चिकटवला.

"मंग म्या वरडायचं नाय का?" काकूंनी विचारलं.

"अजिबात नाही! तुम्ही आता आराम करा."

तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे भाचीचा साखरपुडा. पैठणहून चाळीस पाहुणे येणार आणि टाकीत तळाला पाणी!

"अहो, आज पाणी आलं नाही तर उद्या माझी अब्रू जाईल," बायको म्हणाली.

"ग्रुप आहे ना!" असं म्हणून मी भाषणाला गेलो. विषय होता, जबाबदारीची वाटणी. (फोन अर्थातच बंद.)

संध्याकाळी परतलो तर गल्ली दारात उभी. पाणी येऊन गेलं होतं आणि सगळे मेसेजची वाट बघत बसले होते!

"कुणाची पाळी होती?" मी कडाडलो.

बायकोनं आमच्याच दारावरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. माझं नाव. लाल रंगात.

"काकू, तुम्हाला तरी कळलं होतं ना?"

"व्हय की. माझी टाकी, पिंपं, समदं भरलं."

"मग ओरडला का नाहीत?"

"तूच म्हनलास, आराम करा. लई आराम केला बघ!"

मला खरंच लाज वाटली. काकूंनी मात्र लगेच टाकीचं झाकण उघडलं आणि माझ्या हातात दोन बादल्या दिल्या. बावीस खेपा झाल्या. गल्लीनं त्या खुर्च्या टाकून बसून बघितल्या. साखरपुडा झोकात पार पडला.

आता काकू पिशोरला माहेरी गेल्या की ओरडायचं काम माझ्याकडे असतं. परवा पाणी आलं, तसा मी गच्चीवर जाऊन जीव तोडून ओरडलो. कुणीही मोटार लावली नाही. फक्त शेजारचे गॅलरीत आले आणि म्हणाले, "सर, तुमचं काय खरं नाय. काकूंना फोन लावून विचारतो!"