कोरड्या तळ्यातले हंस

आमच्या तळ्यात हंस आले तेव्हा तळं कोरडं होतं. फाल्गुनातली दुपार. एका लांबलचक ट्रकमधून पांढरेशुभ्र, उंच मानेचे, फायबरचे हंस एकेक करून उतरवले आणि भेगाळलेल्या गाळावर ओळीनं मांडून ठेवले. प्रत्येकाच्या पोटात दोघांना बसायची जागा, पायाशी सायकलसारखी पायडलं. मी शाळेत शिकवून घरी निघाले होते. बंधाऱ्यावर माणसं जमली होती. कुणी हसत होतं, कुणी मोबाइल वर धरून उभं होतं. उन्हात ते हंस इतके पांढरे दिसत होते की डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तेच राहिले.

सोलापूर जिल्ह्यातलं आमचं हे बाजाराचं गाव. नगरपालिका आहे, एवढाच काय तो तोरा. तळं भरतं ते परतीच्या पावसात, तेही भरलंच तर, आणि संक्रांत सरली की आटायला लागतं. मग नावा आत्ताच कशाला आणल्या, असं मी तिथल्या रखवालदाराला विचारलं.

"मार्च हाय की, बाई," तो म्हणाला. "पैसं खर्ची न्हाय पडलं तर माघारी जात्यात म्हणं."

पैसे माघारी गेले नाहीत. धक्का झाला, तिकीटखिडकी झाली, खांबांवर रंग बदलणारे दिवे लागले. पाणी तेवढं यायचं राहिलं.

त्याच वर्षी माझ्या नवऱ्याची थोरली बहीण आमच्याकडे राहायला आली. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. पंढरपूर तालुक्यातल्या एका शाळेची ती मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली आणि पाठोपाठ तिचे यजमान गेले. मूलबाळ नव्हतं. माझे मिस्टर कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात आहेत. ते एका रविवारी जाऊन तिला घेऊन आले. आक्का जेवायची, कपड्यांच्या घड्या घालायची, पण बोलायची नाही. विचारलं तर "व्हय" किंवा "नको." जन्मभर वर्गावर वर्ग गप्प बसवणारी बाई आता स्वतःच गप्प बसली होती.

डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं म्हणून मी संध्याकाळी तिला बंधाऱ्यावर न्यायला लागले. एकदा ती चालता चालता थांबली, पायऱ्या उतरली आणि सरळ जाऊन एका हंसात बसली. मी घाईघाईनं मागे गेले.

"आक्का, लोक बघतायत."

"बघू देत की. बस हितं."

मी बसले. तिनं पायडलांवर पाय ठेवले आणि मारायला लागली. खाली पाणी नसल्यामुळे पायडलं हलकी फिरत होती. मागचं चाक हवेत गरगर फिरत होतं आणि कुरकुरत होतं. आम्ही होतो तिथंच होतो. पण समोरून वारा येत होता, बगळे घराकडे चालले होते आणि कडेच्या शेतातल्या ज्वारीच्या पाचोळ्याचा वास येत होता. आक्कानं डोळे मिटले.

"चाललीय बघ," ती म्हणाली. "आता मधल्या खडकापाशी आलो. पाणी गार आहे."

मीही डोळे मिटले. थोड्या वेळानं खरंच सगळं हलकं हलकं डुलायला लागलं. कुणीतरी पाळण्यात घालून झुलवावं तसं. शेजारून आक्काचा आवाज येत होता. यजमानांना पोहायला फार आवडायचं, नदीला पाणी आलं की ते पलीकडच्या काठावर जाऊन हात हलवायचे आणि ही अलीकडे भीतीनं अर्धमेली व्हायची. इतकं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

मग तो आमचा नेमच झाला. हळूहळू गल्लीतल्या आणखी बायका यायला लागल्या. कुणी भाजी निवडायला आणायची, कुणी शेंगा. तिकीट कोण काढणार? रखवालदार नुसता हसायचा. दिवे लागले की हंस आधी निळे व्हायचे, मग गुलाबी, मग पिवळे, आणि आम्ही त्यांच्या पोटात बसून गावभर तरंगायचो. पुढच्या पावसाळ्यात तळाशी घोट्याभर पाणी साचलं. हंस जरा हलले, पण गाळातून सुटले नाहीत. आमचं त्यावाचून काही अडलं नाही.

गावात मात्र नळाला पाणी येणं लांबत चाललं होतं. मोठी जलवाहिनी जागोजागी फुटली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तर बारा महिने ओल असायची, आणि घरात नळ कोरडा. अशात नगरपालिकेनं घरपट्टी आणि पाणीपट्टी दोन्ही वाढवायचं ठरवलं. वाहिनी दुरुस्त करायला पैसे नाहीत, असं कारण दिलं. ज्यांची हरकत असेल त्यांनी सभागृहात येऊन मांडावी, अशी दवंडी घंटागाडीवरच्या भोंग्यातून फिरली.

आक्का म्हणाली, "मला जायचंय."

सभागृह भरलं होतं. लोक तावातावानं बोलत होते. कुणाला घर बंद असून पट्टी आलेली, कुणाच्या गोठ्याला दुकान धरलेलं. मुख्याधिकारी तरुण होते, शांतपणे ऐकून घेत होते. आक्काची पाळी आली तशी ती उठली. शाळेत उभी राहत असेल तशीच, पदर नीट करून.

"कर वाढवायला माझा कायमचा नकार नाही," ती म्हणाली. "पाणी हवं तर पैसे द्यावे लागतात. पण आधी आहे तो पैसा कुठं जातो ते सांगा. तळ्यावरच्या दिव्यांचं बिल कोण भरतं?"

"नगरपालिका," मुख्याधिकारी म्हणाले. "पण बाई, नौकांचा निधी वरून आला होता. तो फक्त पर्यटनाचाच. पाण्यासाठी वापरता येत नाही."

"आला तो आला. रंगरंगोटी, राखण, वीज, ते तर आमच्यातूनच जातं ना? आणि आता कारंजं बसवणार म्हणे तिथं. ते?"

मुख्याधिकारी कागद चाळायला लागले. शेजारचे नगरसेवक म्हणाले, "आक्का, मुळात अंथरूणच तोकडं हाय आपलं. ते वाढवायचं म्हणून तर ही करवाढ."

"तोकडं आहे खरं," आक्का म्हणाली. "पण त्यावर आधीच हंस झोपलेत. त्यांना उठवा, मग आमचे पाय कुठवर जातात ते बघू. शाळेचं छप्पर गळत असताना मी स्नेहसंमेलनाचा मांडव घातला असता, तर पालकांकडे पैसे मागायला मला तोंड राहिलं असतं का?"

सभागृहात हशा झाला, टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला पुढचं दिसत होतं.

"म्हणजे काय करावं म्हणता?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"नावा विकून टाका. कारंजं रद्द करा. दिवे बंद करा. फुटलेली वाहिनी सांधा. एवढं करून कमी पडलं, तर मग मागा. मी पहिली देईन."

घरी येताना मी भराभर पुढे चालत राहिले. स्वयंपाकघरात पीठ मळताना शेवटी राहवलं नाही. "आक्का, तुम्हीच असं कसं म्हणालात? तुम्हाला किती बरं वाटतं तिथं."

"वाटतं की," ती म्हणाली. "मला बरं वाटतं म्हणून गावानं किती दिवस खर्च करायचा?"

करवाढ पुढे ढकलली गेली. कारंजं बारगळलं. तळ्यावरचे रंगीत दिवे गेले, नुसता एक साधा दिवा राहिला. हंसांचा लिलाव झाला आणि हायवेकडचा कुणी हॉटेलवाला ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून घेऊन गेला. त्या दिवशी आम्ही बंधाऱ्यावर होतो. ट्रॉली वळणावर गेली तेव्हा पांढऱ्या माना उसाच्या शेंड्यांवरून सरकताना दिसल्या, अगदी पाण्यावरून जाव्यात तशा. आक्का त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत उभी होती. घरी येऊन ती न जेवता झोपली.

मला भीती वाटली, की आता ती पुन्हा गप्प होणार. तशी ती थोडे दिवस झालीही. पण मग गल्लीतल्या बायकाच तिला बोलवायला आल्या. बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर बसायला काय हरकत आहे, म्हणाल्या.

जलवाहिनी टप्प्याटप्प्यानं सांधली. सगळीकडे नाही, बाजारपेठेचा भाग अजून तसाच आहे. पुढच्या वर्षी पाणीपट्टी थोडी वाढली, पण त्याआधी कुठं काय वाचवलं आणि कुठं कमी पडलं, हे सभागृहात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. लोक कुरकुरले. आक्का मात्र दुसऱ्याच दिवशी जाऊन भरून आली.

यंदा परतीचा पाऊस असा झाला, की तळं सांडव्यापर्यंत भरलं. संध्याकाळी सारा गाव बघायला लोटला. आमच्या शेजारची म्हणाली, "आता असायला पाहिजे होते की हंस!"

"व्हय, पाहिजे होते," आक्का म्हणाली. ती हसतही नव्हती आणि हळहळतही नव्हती. तिनं चपला काढल्या, साडी वर खोचली, शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले आणि मला म्हणाली, "ये, बस. गार आहे." मी तिच्या शेजारी बसले. पाण्यावर आभाळ उतरलं होतं, आणि आमच्या पायांभोवती ते सावकाश हलत होतं.