बायकोचा निरोप

बारा मार्चला म्हाताऱ्या शिंप्याने एक हजार चारशे पन्नास रुपये घरी आलेल्या एका फिरत्या उपदेशकाच्या हातावर ठेवले. शिंप्याच्या वारलेल्या बायकोचा निरोप हा उपदेशक आणणार होता. त्या पैशांतले पन्नास शेजारणीकडून उसने घेतलेले होते.

उपदेशक डोळे मिटून म्हणाला, “ती प्रभूजवळून सांगतेय, ‘अहो, बायबलचं शास्त्र चाळत बसू नका, या माणसाचं ऐका.’”

ती गेल्यावर वर्षभराने घरात ‘अहो’ ऐकून शिंपी पुढे सरकला. पण ती तर चर्चच्या पाळकांचं बोलणंही शास्त्रात पडताळल्याशिवाय मानत नसे.

“माप चुकलं तुमचं, भाऊ,” तो म्हणाला. “ही माझी बायको नव्हे. पैसे न्या, पण पुन्हा येऊ नका.”

उपदेशक गेला. शिंप्याने शास्त्र उघडलं, पण कान अजून त्या खोट्या ‘अहो’कडेच लागले होते.

शेजारणीचे पन्नास रुपये अजून द्यायचे आहेत.