प्रत्येक दाराला एक शब्द

नायजेरियातल्या इबादान शहरात आमच्या चाळीत खोल्या समोरासमोर आहेत आणि मधून बोळ जातो. कुणाच्या घरात काय शिजतंय हे कळायला नाकाची गरज पडत नाही, शेजारी सांगतात. या बोळाचा शिक्षणासाठी उपयोग केला तो मात्र एकट्या अबोसेदेनं.

ती बालवाडीत मदतनीस होती. बाई रजेवर गेल्या की वर्गही तीच सांभाळायची, आणि बाई वरचेवर जायच्या. स्वतःचा वर्ग हवा तर संध्याकाळच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा द्यायला हवी, आणि इंग्रजीच्या पेपरात ती दोनदा आपटली होती. बाई यंदा निवृत्त होणार होत्या; परीक्षा जमली नाही तर वर्ग मुख्याध्यापिकेच्या भाचीला जाणार, हे ठरलेलं होतं. भाचीला मुलं आवडत नसत, पण ती पदवीधर होती.

अवघड शब्द अबोसेदेच्या डोक्यात टिकत नसत. कुणीतरी सुचवलं, की शब्द ओळखीच्या जागी ठेवून द्यावा. हवा तेव्हा मनानं तिथं जावं आणि उचलावा. तिला ओळखीची जागा एकच. तिनं प्रत्येक दाराला एक शब्द दिला, तोही आत राहणाऱ्याला शोभेलसा. पहाटे नळावर जाताना ती बादली घेऊन दारोदार थांबे, पुटपुटे आणि पुढं सरके.

पहाटे कुणी दाराशी पुटपुटत असेल, तर ते इंग्रजी असेल असं आमच्याकडे कुणाच्या मनात येत नाही. तोकुंबोची आई नाक्यावर अकारा, म्हणजे चवळीचे वडे तळते. नेमके त्याच आठवड्यात तिचे वडे तेलात फुटू लागले. तिनं उंबऱ्यावर मीठ टाकून पाहिलं, पाद्र्याकडून प्रार्थना करवून घेतली आणि शेवटी भाडेकरूंची बैठक बोलावली.

"माझ्या दाराशी काय म्हणतेस ते सगळ्यांसमोर म्हण की आता."

मोठ्यांसमोर टेकतात तसे अबोसेदेनं गुडघे टेकले. "गॅर्युलस," ती म्हणाली.

बाबा फदिपे पोस्टातून निवृत्त झालेले, म्हणजे इंग्रजीच्या बाबतीत चाळीचं शेवटचं कोर्ट. हा मंत्र नव्हे, इंग्रजी आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला. सगळ्यांच्या जिवात जीव आला. बैठक तिथंच संपायला हवी होती, पण कुणीतरी अर्थ विचारला.

बडबडी, बाबांनी सांगितलं. यावर तोकुंबोची आई बराच वेळ बोलली. सुतार रोतिमीचा शब्द निघाला इंडोलंट, म्हणजे आळशी. तो भयंकर चिडला, पण उठला नाही. बाबा एकेक अर्थ चवीनं सोलत स्वतःच्या दारापर्यंत आले.

"आणि माझा गं?"

"पार्सिमोनियस, बाबा."

कंजूष हा अर्थ बाबांनी सांगितला नाही. त्यांच्याकडे कधीतरी मीठ मागायला गेलेल्या सगळ्यांनी तो ओळखला.

शब्द बदलायचे, असा ठराव झाला. जुन्याच्या अगदी उलट, चांगला शब्द प्रत्येकाला हवा होता. परीक्षा तर शनिवारवर आलेली.

"आता बदलले तर सगळं कालवेल, बाबा," अबोसेदे म्हणाली. "वर्ग जाईल माझा."

"मी बसतो तुझ्याबरोबर. पण तो शब्द दारावर घेऊन मी इथं राहणार नाही."

बाबा खरंच बसले. तोकुंबोची आई टॅसिटर्न झाली, म्हणजे अबोल, आणि ही बातमी तिनं नाक्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाला दिली. रोतिमी झाला असिड्युअस, कष्टाळू. त्यानं चक्क रंधा बाहेर काढला. बाबांनी स्वतःसाठी म्युनिफिसंट निवडला, म्हणजे सढळ हाताचा. मग त्यांना रोज अबोसेदेला चहा पाजावा लागला, साखरेसकट. जुने शब्द मात्र खोली सोडायला तयार नव्हते. एकेका दारामागे दोन-दोन शब्द, एकमेकांवर गुरगुरत नांदू लागले. शुक्रवारी ती रडवेली झाली होती.

शनिवारी पेपरात एक मोठा प्रश्न होता: दिलेल्या शब्दाच्या उलट अर्थाचा शब्द निवडा. अबोसेदेनं डोळे मिटले आणि नळाच्या बाजूनं बोळात शिरली. प्रत्येक दाराशी दोन्ही शब्द हजर होते.

ती पास झाली. भाची लागोसला गेली आणि वर्ग अबोसेदेला मिळाला. पेढ्यांसारखा आमच्यात काही प्रकार नाही, म्हणून तिनं तोकुंबोच्या आईकडूनच अकारा घेऊन दारोदार वाटला. बाबांनी दोन उचलले.

"माझं दार आलं होतं का गं पेपरात?"

"आलं होतं, बाबा."

बाबांनी समाधानानं मान डोलावली. कुठला शब्द विचारला होता, ते त्यांनी विचारलं नाही.